सरदारकी रक्तातली की चाकरीतली? (मोतद्दाराचा मार्शल कसा झाला)

तिरकस तात्या
काल एका सदस्याने दुसऱ्या धाग्यावर ठोकून दिलं: "जर्मानिक भाषांतले (इंग्रजी, जर्मन, डच वगैरे) सरदारकीचे शब्द बघा. 'किंग' कुळावरून, 'आडेल' (जर्मनमध्ये सरदारवर्ग) कुळावरून. खानदान रक्तातच असावं लागतं, शब्द खोटं बोलत नाहीत." झोप उडाली, म्हणून हा वेगळा धागा.

शब्द खोटं बोलत नसतील, पण सोयीचे दोनच उचलणारा बोलतो. 'मार्शल' घ्या. फ्रँक लोकांच्या बोलीत 'मार्ह' म्हणजे घोडा, 'स्काल्क' म्हणजे नोकर. थोडक्यात मोतद्दार! तो चढत चढत सेनापती झाला, आणि तोच 'स्काल्क' जर्मनमध्ये 'शाल्क' होऊन टवाळखोर ठरला. 'नाइट' म्हणजे जुन्या इंग्रजीतला 'क्निख्त', हरकाम्या पोरगा. जर्मन 'क्नेख्त' अजून गडीच आहे. जर्मन 'हेर्त्सोग' (ड्यूक) म्हणजे फौज घेऊन पुढे जाणारा. 'मार्कग्राफ' म्हणजे सरहद्दीवरचा अंमलदार. 'लॉर्ड' मुळात 'ह्लाफवेअर्ड', पावाचा राखणदार. यात रक्त कुठे दिसलं? मला तर नोकऱ्याच दिसतात.

कुलवृत्तान्त
तो "एक सदस्य" मीच. नाव घ्यायला जीभ जड झाली का?
'आडेल' सोयीस्करपणे गाळलंत. एथेलरेड, आडोल्फ, आडेलहाइड (हिचीच पुढे हायडी झाली), सगळ्या नावांत तेच 'कुलीन'. त्याच मुळाचा 'ओडाल' म्हणजे वडिलोपार्जित जमीन. नॉर्वेत तो हक्क आजही कायद्यात आहे. आणि 'किंग'चं जुनं रूप 'कुनिंगाझ', कुळातला माणूस. फिनिश लोकांनी उसनं घेऊन 'कुनिंगास' म्हणून जवळपास तसंच जपलंय. मोतद्दार कुरवाळत बसा.

संस्कृतप्रेमी
किंग = जनक. इतकं सोपं आहे. सगळं इथूनच गेलंय.

तिरकस तात्या
आलात? 'जन्' आणि 'किन्' बहिणी आहेत हो, मायलेकी नव्हेत. आणि 'राजन्'चा जर्मानिक भाऊबंद, गॉथिक (जुनी जर्मानिक बोली) 'रीक्स', जर्मन 'राइख', तो केल्टांकडून उसना आलेला. घरचा असता तर लॅटिन 'रेक्स'सारखा 'ए' राहिला असता. 'ई' हा केल्टांचा शिक्का.

नऊवारी
लॉर्ड सांगितलात, लेडी गिळलीत. 'ह्लेफदिये' म्हणजे पावाची कणीक मळणारी. आणि इंग्लंडातल्या केंटच्या राजाच्या जुन्या कायद्यात घरच्या आश्रिताला 'ह्लाफेता' म्हटलंय, पाव खाणारा. एकाने राखायचं, एकाने खायचं, मळायचं मात्र हिनेच. आमच्याकडे लग्नानंतर बावीस वर्षं हीच राज्यव्यवस्था आहे.

स्टुटगार्टकर
रच्याकने (जाता जाता), माझ्या जुन्या घरमालकाच्या नावात 'फॉन' होतं, म्हणजे जर्मन सरदारकीची खूण. डिपॉझिट परत मिळायला सात महिने लागले. एवढंच खानदान.
तसंही १९१९ साली ऑस्ट्रियाने सरदारकी रद्द करून 'फॉन'सुद्धा छाटलं. जर्मनीने त्याच वर्षी पदव्या काढल्या, पण 'फॉन' आडनावाचा भाग म्हणून राहू दिलं.

पायरीवरचा
आणि डच 'व्हान' तर सरदारकीचं नाहीच. व्हान म्हणजे आपलं 'कर'. गावावरून आडनाव, संपलं.
संगीतकार लुडविग व्हान बेटहोवनची फजिती यातूनच झाली. पुतण्याच्या ताब्याचा दावा व्हिएन्नात सरदारांच्या कोर्टात चालला होता. १८१८मध्ये त्याच्याच तोंडून निघालं की 'व्हान'मागे सनद नाही. झालं, दावा सामान्यांच्या कोर्टात.

स्टुटगार्टकर
म्हणजे मी व्हान स्टुटगार्ट! डिपॉझिट तेव्हाच मागायला हवं होतं.

मु.पो. कोकण
'कर'वर घसरू नका. आमच्या आडनावातलं गाव आजोबांनीही पाहिलेलं नाही. तरी लग्न ठरवताना पहिला प्रश्न, "म्हणजे मूळचे तिथलेच का?" नाही हो! तीन स्थळं यावरून मोडली.

नऊवारी
गावावरून नाही मोडली, भाऊ. तुमचे जुने प्रतिसाद वाचलेत मी.

मु.पो. कोकण
प्रकाटाआ (प्रतिसाद काढून टाकला आहे)

कुलवृत्तान्त
झाली जत्रा? आडनावांवर हसणाऱ्यांनी आपापली आडनावं तपासावीत. आमच्याकडे देशमुखीची सनद आहे, पेटीत, कापडात गुंडाळून. खानदान काय असतं ते ज्यांच्याकडे नाही त्यांना कळणार नाही.

तिरकस तात्या
सनद! म्हणजे कोणीतरी दिली ना? आईच्या पोटातून कोणी सनद घेऊन येत नाही. देशमुखी म्हणजे परगण्याचं काम, वसुली आणि बंदोबस्त. पुढे वतन म्हणून वंशात राहिलं. मार्कग्राफाचंही हेच झालं. आधी नेमणूक, मग मुलगा, मग नातू, मग "आमचं रक्त".

कुलवृत्तान्त
माझ्या पणजोबांना वसुली कारकून म्हणालात, लक्षात ठेवीन.
आणि एवढं वाचताय तर रोमन इतिहासकार टॅसिटसही वाचा. इ.स. ९८च्या सुमारास त्याने लिहिलंय की जर्मन टोळ्या राजा निवडताना कूळ बघतात आणि सेनानी निवडताना पराक्रम. राजा कुळावरूनच! माझं म्हणणं दोन हजार वर्षं जुनं आहे.

तिरकस तात्या
आणि सेनानी पराक्रमावरून. वाक्य तुम्हीच आणलंत, अर्धं तुमचं, अर्धं माझं. बरं, 'किंग' आणि 'आडेल' दिले तुम्हाला, कापडात गुंडाळून ठेवा. मार्शल, नाइट, हेर्त्सोग, मार्कग्राफ, लॉर्ड माझे.

कुलवृत्तान्त
'हेर्त्सोग' घ्या. 'लॉर्ड'बद्दल उद्या लिहितो.

नऊवारी
लिहा सावकाश. मला कणीक मळायचीय.