३,३५,५०,३३६ परिपूर्ण आहे, हर्षद नाही
एक दावा असा केला जातो की ३,३५,५०,३३६ ही परिपूर्ण संख्या (म्हणजे स्वतःला सोडून बाकी सर्व विभाजकांची बेरीज जिच्याएवढीच येते अशी संख्या) असून तिच्या अंकांची बेरीज २८, म्हणजे पुन्हा परिपूर्ण संख्याच येते, आणि म्हणून ती हर्षदही असावी. पहिली दोन्ही विधाने बरोबर आहेत, शेवटचे नाही. देवळालीचे शिक्षक द. रा. कापरेकर यांनी ज्यांना हर्षद हे नाव दिले, त्या संख्यांना त्यांच्या अंकांच्या बेरजेने निःशेष भाग जातो. येथे मात्र ७ ने भागले तरी बाकी १ उरते, मग २८ ने भाग जाणार कसा? ही संख्या म्हणजे ४०९६ गुणिले ८१९१. पहिला अवयव २ चा बारावा घात आणि दुसरा स्वतःच मूळ संख्या, त्यामुळे ७ ला तेथे जागाच नाही.

मला तिचे त्रिकोणी असणे अधिक मोलाचे वाटते. यवतमाळ जिल्ह्यातील आमच्या गावात मी मुलांना अंगणात तुरीचे दाणे मांडायला लावतो: पहिल्या ओळीत एक, दुसऱ्या ओळीत दोन, असे करत सातव्या ओळीअखेर २८ दाणे होतात, आणि हीच मांडणी ८१९१ ओळींपर्यंत नेली तर बरोबर ३,३५,५०,३३६ दाणे लागतील. शिवाय १ ते १२७ या विषम संख्यांच्या घनांची बेरीजही नेमकी हीच येते.