राठवा गावात पाहुणे न्यायचे आहेत, गावाशी बोलणी कशी करावी?

रावपुरा_ताई
नमस्कार. मी बडोद्याची. आमचा ग्रुप शहरातले जुने वाडे, चांपानेर अशा सहली काढतो. आता मंडळींना छोटा उदेपूरकडे पिठोरा, म्हणजे राठवा आदिवासींच्या घरातली भिंतीवरची चित्रं, बघायला जायचंय. तेजगढच्या बाजूचा एक ओळखीचा राठवा मुलगा म्हणतो, "आणा ना ताई, जेवण आमच्याकडे." एका घराशी ठरवून पुढे जावं, की गावाशी बोलावं? पैसे कोणाच्या हातात द्यावेत? गावाला त्रास देऊन मला काहीच करायचं नाही.

ओरसंगकाठ
ताई, एकाच घराशी ठरवू नका. माझी सगळी नोकरी त्या पट्ट्यात झाली, म्हणून कळकळीने सांगतो. एकाच्याच अंगणात गाड्या लागायला लागल्या की भाऊबंदकीत तेढ पडते. तिथली घरं विखुरलेली, फळियाफळियांत, म्हणजे छोट्या वस्त्यांत. प्रत्येक फळियाचे आपले जाणते. आधी मंडळींना न घेता जा. त्या मुलाला मध्ये घाला, सरपंच आणि जाणत्यांपुढे विषय काढा, आणि बायकांना बसवल्याशिवाय काही पक्कं करू नका. रोटले त्यांनाच थापायचे आहेत. हाटाच्या दिवशी जाऊ नका, कोणी सापडणार नाही. हा अनुसूचित, म्हणजे आदिवासी, क्षेत्राचा भाग. आपल्या रूढी-परंपरा जपण्याचा अधिकार ग्रामसभेला १९९६ च्या पेसा कायद्याने दिलाय, तेव्हा गाव "नको" म्हणालं तर तिथेच थांबायचं.

पिठोऱ्याचं जरा सविस्तर सांगतो. तो शोभेसाठी काढत नाहीत. घरात आजारपण आलं, गुरं दगावली, की बाबा पिठोराला नवस बोलतात आणि ऐपत होईल तेव्हा फेडतात. कुमारिका ओसरीची भिंत शेणामातीने सारवून वर पांढरी माती देतात. लखारे, म्हणजे चित्र काढणारे, रंगात दूध आणि मोहाची दारू कालवून घोडे काढतात. मग बडवो, म्हणजे विधी करणारा भगत, भिंतीसमोर उभा राहून एकेक आकृती ओळखतो. काही राहिलं असेल तर लखाऱ्याला ते पुरं करावं लागतं. म्हणून "आमच्यासाठी एक विधी करून दाखवा" असं कोणालाही बोलू देऊ नका. भिंतीचा फोटो घरधन्याला विचारूनच. विकत न्यायची हौस असेल तर कापडावर, कॅनव्हासवर काढून देणारे कलाकार आहेत. परेश राठवांना २०२३ मध्ये पद्मश्री मिळाली ती याच कलेसाठी. चित्र थेट कलाकाराकडून घ्या, घासाघीस करू नका.

आणि दारू. मोहाची मागायचीच नाही, हे बस सुटण्याआधी सांगा. गुजरातेत दारूबंदी आहे. पाहुणा घोट घेऊन बडोद्याला परततो, पोलिसांना तोंड घरवाल्याला द्यावं लागतं.

राजवाडा_इंदूर
आमच्या झाबुआ-आलीराजपूरकडच्या भगोरियाचं बघा. होळीआधीच्या आठवड्यातले हे हाट. भिल-भिलाला माणसं होळीचं सामान घ्यायला, नातेवाइकांना भेटायला येतात. बाहेरच्यांनी "मुली पळवायचा सण" म्हणून गाजवला. आता कॅमेरेवाले पोरींच्या तोंडाशी येऊन उभे राहतात. समाजातली शिकलेली मुलं उघडपणे विरोध करतात आणि त्यांचं बरोबर आहे. ताई, तुमच्या जाहिरातीत काय लिहिणार तेही आधी गावाला वाचून दाखवा.

रावपुरा_ताई
दोघांचे मनापासून आभार. जाहिरातीचं डोक्यातच आलं नव्हतं. काका, पैशांचं राहिलं. आणि कवांटच्या घेर मेळ्याला जोडून तारीख धरू का?

ओरसंगकाठ
मेळ्याला खुशाल जा, तो सगळ्यांसाठी खुला असतो. होळीनंतर तिसऱ्या दिवशी भरतो. मोरपिसांचे टोप, कमरेला घुंगरं, अंगावर पांढरे ठिपके, बघण्यासारखंच असतं. पण घरी जेवायला त्याच वेळी नको. दिवाळीनंतर पुष्कळ जण सौराष्ट्रात शेतमजुरीला, बडोदा-सुरतेला बांधकामावर जातात. होळीला घर एकत्र येतं. ते दिवस त्यांचे त्यांना राहू द्या. पावसाळ्यानंतर, मका घरात आला की विचारा.

पैशांचं असं करा: जेवणाचे पैसे रांधणाऱ्या बाईच्या हातात, वाट दाखवणाऱ्या पोराला त्याची मजुरी वेगळी, आणि माणशी ठरलेली रक्कम गावाच्या खात्यात, तीही गावाने ठरवलेल्या कामासाठी. घरं पाळीपाळीने घ्या. माणसं थोडी न्या. मोठी बस फळियापर्यंत जातही नाही. मक्याचा रोटला आणि उडदाची डाळ सांगा, पनीरची भाजी मागू नका. निघण्याआधी मला इथेच मेसेज करा, मीही सोबत येईन.