काळू, कूलंट आणि त्या इंजेक्शनची चौकशी (देवपूर, धुळे: आपल्या सोसायटीचा ग्रुप)

सेक्रेटरी नाना: कळवायला वाईट वाटतं, आपला काळू आज पहाटे गेला. किडन्या पार निकामी झाल्यात, हे जनावरांच्या डॉक्टरांनी काल रात्रीच सांगितलं होतं.

माई (बी-२०४): अरेरे. परवा तर बरा दिसत होता की. माझ्या हातची पोळी खाल्ली त्याने.

बापू (सी-१०१): काय व्हयनं भो? धडधाकट कुत्रा होता.

सेक्रेटरी नाना: डॉक्टरांना कूलंटचा, म्हणजे गाडीचं इंजिन थंड ठेवणाऱ्या पाण्याचा, संशय आहे. रविवारी ए विंगखाली एका गाडीचं रेडिएटर फ्लश केलं आणि हिरवं पाणी फरशीवरच सोडून दिलं. कॅमेऱ्यात काळू ते चाटताना दिसतोय.

आप्पा (ए-३०१): गाडी माझी आहे, पण काम मेकॅनिकने केलं. आणि कूलंट म्हणजे रंगीत पाणीच ना? हायवेवर रोज शंभर ट्रकवाले ओततात.

डॉक्टर वहिनी (बी-४०३): आप्पा, रंगीत पाणी नाही ते. बहुतेक कूलंटमध्ये इथिलीन ग्लायकॉल असतं, चवीला गोड. म्हणून कुत्रा-मांजर चाटतं आणि लहान मूलही थुंकून टाकत नाही. काळूचं सगळं तसंच झालंय. रविवारी संध्याकाळी तो झिंगल्यासारखा चालत होता, पाणी पाणी करत होता. सोमवारी बरा दिसला. मंगळवारी उलट्या, आणि मग लघवी बंद.

माई (बी-२०४): म्हणजे मी पोळी दिली तेव्हा आत चाललंच होतं?

डॉक्टर वहिनी (बी-४०३): हो माई. मधला बरा दिसणारा वेळच फसवा असतो. ग्लायकॉल मूळ रूपात फार घात करत नाही, थोडी नशा आणतं एवढंच. पण लिव्हरमधलं एक एन्झाइम त्याचं ॲसिड करतं. आधी ग्लायकोलिक ॲसिड, त्याने रक्त आंबतं. मग ऑक्झॅलिक ॲसिड, ते रक्तातलं कॅल्शियम धरतं आणि किडनीत बारीक खडे करून बसतं. मिथेनॉलचंही तेच एन्झाइम फॉर्मिक ॲसिड करतं, फक्त मार तिथे डोळ्याच्या नसेवर बसतो.

जिभाऊ (ए-१०२): मिथेनॉल म्हणजे विषारी दारूवालं? २०१५ ला मुंबईच्या मालवणीत शंभरावर माणसं गेली ते?

डॉक्टर वहिनी (बी-४०३): तेच. आणि तिथेही पिल्यावर बारा-चोवीस तास माणूस म्हणतो, काही नाही, जरा जास्त झाली. मग समोर पांढरं धुकं दिसायला लागतं.

मनीषची आई (सी-३०३): वहिनी, २०२५ मध्ये छिंदवाड्याची लेकरं खोकल्याच्या औषधाने गेली, तेही हेच का? माझ्याकडे दोन बाटल्या पडल्यात घरात.

डॉक्टर वहिनी (बी-४०३): त्याचाच चुलतभाऊ, डायइथिलीन ग्लायकॉल. १९८६ मध्ये जे.जे. हॉस्पिटलमध्ये भेसळीच्या ग्लिसरीनमधून तेच गेलं होतं, १४ रुग्ण दगावले, लेंटिन आयोग बसला होता त्यावर. तुमच्या बाटल्यांचे फोटो मला वेगळे पाठवा. तोवर देऊ नका.

रोहन (ए-४०१): बी विंगची टाकी वाहतेय, मोटर कोणी चालू ठेवलीय?

सेक्रेटरी नाना: बंद केली.

रोहन (ए-४०१): थँक्स. वहिनी, मी वाचलं की यावर इंजेक्शन असतं. ओमेप्राझोल का काहीतरी?

डॉक्टर वहिनी (बी-४०३): ओमेप्राझोल ही ॲसिडिटीची गोळी, निम्म्या धुळ्याच्या घरात असेल. तिचा इथे काडीचा उपयोग नाही. फोमेपिझोल म्हणायचंय तुला. ते त्या एन्झाइमवर जाऊन बसतं आणि त्याचं कामच थांबवतं. विष मग विषाच्याच रूपात राहतं, ॲसिड होत नाही, आणि हळूहळू लघवीवाटे निघून जातं. अमेरिकेत कूलंटच्या विषबाधेसाठी १९९७ ला आणि मिथेनॉलसाठी २००० ला मान्यता मिळाली. जागतिक आरोग्य संघटनेच्या अत्यावश्यक औषधांच्या यादीत २०१३ पासून आहे.

रोहन (ए-४०१): एक डोस पुरतो?

डॉक्टर वहिनी (बी-४०३): नाही रे. पहिला डोस किलोमागे १५ मिलिग्रॅम. म्हणजे ६० किलोच्या माणसाला ९०० मिलिग्रॅम, सलाइनमध्ये मिसळून अर्ध्या तासात हळू सोडायचं. मग दर बारा तासांनी १० च्या हिशोबाने. डायलिसिस चालू असेल तर दर चार तासांनी, कारण मशीन विषाबरोबर औषधही धुऊन काढतं. एक गंमत सांगते, हे औषध २५ अंशांखाली कुपीत गोठतं. हातात धरून किंवा कोमट पाण्याखाली धरून पातळ करायचं, औषध बिघडत नाही.

बापू (सी-१०१): मे महिन्यात आपल्याकडे ते काम सूर्यच करी टाकी 😄

डॉक्टर वहिनी (बी-४०३): आणि डिसेंबरात हातात धरून बसावं लागेल बापू.

जिभाऊ (ए-१०२): मी ऐकलंय, यावर उतारा म्हणून दारूच पाजतात. खरं का?

डॉक्टर वहिनी (बी-४०३): खरं आहे, आणि म्हणूनच सांगायला भीती वाटते. त्या एन्झाइमला साधं इथेनॉल, म्हणजे दारूतलं अल्कोहोल, जास्त आवडतं, ते समोर आलं की ग्लायकॉल बाजूला पडतं. फोमेपिझोल नसेल तिथे डॉक्टर अजूनही इथेनॉल वापरतात. पण ते रक्तातली पातळी आणि साखर तपासत, आयसीयूत. लहान मुलाची साखर तर त्याने झपकन खाली येते. घरी क्वार्टर पाजून वाट बघत बसलात तर एक विष होतं, त्यात दुसरा गोंधळ. मिठाचं पाणी पाजून उलटी करवणं तर अजिबात नको. ही द्रव्यं पोटातून फार पटकन रक्तात जातात, उलटीने हाती काही लागत नाही, उलट छातीत जाऊ शकतं. कोळशाची पूड देतात ना इतर विषांत, तीही याला धरत नाही.

आप्पा (ए-३०१): मग त्या इंजेक्शनने काळू वाचला असता?

डॉक्टर वहिनी (बी-४०३): रविवारी संध्याकाळी मिळालं असतं तर शक्यता होती. कुत्र्यांनाही तेच देतात, पण पहिल्या काही तासांत. मंगळवारी नाही. एकदा ॲसिड तयार झालं की एन्झाइम थांबवून काय उपयोग? पोळ्या जळाल्यावर गॅस बंद करण्यासारखं. तेव्हा मग डायलिसिसच लागतं. मिथेनॉलला तर फोमेपिझोल वेळेत दिलं तरी ते अंगातून निम्मं व्हायला दोन दिवसांवर लागतात, म्हणून बऱ्याचदा दोन्ही करतात.

आप्पा (ए-३०१): ठीक आहे. पार्किंग मी धुऊन घेतो.

सेक्रेटरी नाना: नुसतं धुऊन गटारात नको आप्पा, तिथलं पाणी पिणारी अजून चार कुत्री आहेत कोपऱ्यावर. आधी भुसा टाका, तो पिशवीत भरून द्या. मग धुवा.

मनीषची आई (सी-३०३): वहिनी, मुलाने घेतलं तर आपण काय करायचं ते नीट सांगा ना. धुळ्यात हे इंजेक्शन मिळतं का?

डॉक्टर वहिनी (बी-४०३): कुठल्या हॉस्पिटलकडे आज आहे, हे शोधत बसणं तुमचं काम नाही, ते डॉक्टर करतील. तुमचं काम एवढंच की मूल हसतंखेळतंय म्हणून थांबायचं नाही. हसतंखेळतंय तोवरच निघायचं. १०८ ला फोन, किंवा सरळ चक्करबर्डीचं मेडिकल कॉलेज. बाटली बरोबर न्यायची, झाकण-लेबलसकट, आणि किती वाजता घेतलं ते सांगायचं. रक्तात ॲसिड किती चढलंय हे तिथल्या तपासणीत कळतं आणि त्यावर पुढचं ठरतं. एम्सचं विष माहिती केंद्र आहे दिल्लीला, १८०० ११६ ११७, टोल फ्री, चोवीस तास. तुमच्या डॉक्टरांनाही ते औषधाबद्दल सांगतात.

माई (बी-२०४): मी हा नंबर फ्रीजवर लावते.

जिभाऊ (ए-१०२): माझ्या मते मुद्दा त्या बाटलीचाच आहे. आमच्याकडे गॅरेजवाले उरलेलं कूलंट कोल्ड्रिंकच्या बाटलीत भरून देतात. हिरवंगार, गोड, आणि वर लिंबू सरबताचं लेबल. दुसरं काय होणार?

डॉक्टर वहिनी (बी-४०३): जिभाऊ, अगदी बरोबर बोललात. थिनर, स्पिरिट, काच पुसायचं पाणी, सगळ्याचं तेच.

सेक्रेटरी नाना: सी विंगच्या जिन्याखाली मीटरच्या पेटीवर एक बिस्लेरीची बाटली आहे, आत गुलाबी पाणी. कोणाची?

बापू (सी-१०१): मनी शे. बुलेटची नाही, स्कॉर्पिओची. उद्या लेबल लावतो.

डॉक्टर वहिनी (बी-४०३): लेबल नको बापू. आत्ता खाली जाऊन उचला, शाळेची रिक्षा यायची वेळ झाली.

बापू (सी-१०१): निघालो.