तातडीने मदत हवी: आईच्या अ‍ॅक्युपंक्चरचा क्लेम रिजेक्ट झाला

वैतागलेली_वर्षा
नमस्कार मंडळी. आईला (वय ६८) कंबरेपासून पोटरीपर्यंत कळ यायची. गोळ्या, पट्टा, शेक सगळं झाल्यावर ऑर्थो स्वतःच म्हणाले, एकदा सुया टोचून बघा. दादरला १४ सिटिंग झाली, प्रत्येकी ६०० रुपये. आई आता कठड्याला न धरता दोन जिने चढते. पण क्लेम रिजेक्ट! अ‍ॅक्युपंक्चरला महाराष्ट्रात सरकारी मान्यता आहे ना? मग हे पैसे कसे नाकारतात? तक्रार कुठे करायची तेवढंच सांगा. शुक्रवारपर्यंत काहीतरी करायचंय. आणि कृपया 'सुया कशाला टोचल्या' असं कुणी विचारू नका.

ठाकुर्ली_स्लो
पॉलिसी कुठली? स्वतःची की ऑफिसची? आई अ‍ॅडमिट होत्या का? रिजेक्शनच्या मेलमध्ये कारण काय दिलंय? हे कळल्याशिवाय कोण काय सांगणार?

शिवडीचा_फ्लेमिंगो
सुया कशाला टोचल्या?
बरं, गंभीरपणे. जर्मनीत कंबरदुखीच्या ११६२ रुग्णांवर मोठी चाचणी झाली, २००७ साली छापून आली. सहा महिन्यांनी खऱ्या सुयांनी ४७.६ टक्के लोकांना बरं वाटलं आणि खोट्या जागी, वरवर टोचलेल्या सुयांनी ४४.२ टक्के लोकांना. म्हणजे बिंदू कुठला, नाडी कुठली, याने काही फरक पडला नाही. असल्या उपचाराचे पैसे माझ्या प्रीमियममधून का जावेत?

पुरचुंडी
वर्षाताई, माझ्या सासूबाईंना अगदी हाच त्रास होता. कटिबस्ती करा. उडदाच्या पिठाची पाळी कंबरेवर लावून त्यात कोमट तेल सोडतात. सात दिवसांत सासूबाई मंडईतून स्वतः भाजी घेऊन आल्या. आणि आयुष आता इन्शुरन्समध्ये बसतं, एप्रिल २०२४ पासून अ‍ॅलोपथीच्या बरोबरीने. त्यातच क्लेम टाका ना.

एडिसनचे_आजोबा
फ्लेमिंगो, त्याच चाचणीतला तिसरा आकडाही सांगा की! नेहमीच्या उपचारांनी, म्हणजे गोळ्या आणि व्यायाम, बरं वाटलेले फक्त २७.४ टक्के. म्हणून तर जर्मनीच्या सरकारी विम्याने कंबर आणि गुडघ्यासाठी सुयांचे पैसे द्यायला सुरुवात केली.
मी सहा महिने मुलाकडे न्यू जर्सीत असतो. तिथल्या मेडिकेअरने, म्हणजे ज्येष्ठांच्या सरकारी विम्याने, जानेवारी २०२० पासून जुनाट कंबरदुखीसाठी अ‍ॅक्युपंक्चर घेतलं. ९० दिवसांत १२ सिटिंग, गुण येत असेल तर आणखी ८, वर्षाला २० च्या वर नाही. आपल्याकडे हे कधी होणार?

शिवडीचा_फ्लेमिंगो
आजोबा, पूर्ण सांगा. तिथे फक्त कंबर. गुडघा, मान, डोकेदुखी काही नाही. आणि ब्रिटनमध्ये कुठला उपचार द्यावा हे सांगणाऱ्या नाइस संस्थेने २०१६ मध्ये कंबरदुखीसाठी अ‍ॅक्युपंक्चर देऊ नका असंच सांगितलंय.

एडिसनचे_आजोबा
आणि त्याच नाइसने २०२१ मध्ये जुनाट प्राथमिक वेदनेसाठी, म्हणजे जिचं दुसरं कारण सापडत नाही अशा दुखण्यासाठी, विचार करा असं सांगितलंय. तुम्ही तुमच्या सोयीचं पान वाचता.

वैतागलेली_वर्षा
अहो, भांडा नंतर! अ‍ॅडमिट नव्हती, अ‍ॅक्युपंक्चरला कोण अ‍ॅडमिट होतं? पाऊण तास झोपवून सुया लावतात आणि घरी पाठवतात. पॉलिसी माझ्या ऑफिसची, ग्रुपची. आई डिपेंडंट म्हणून आहे.

जुगाड_जंक्शन
सोपं आहे. ओळखीच्या नर्सिंग होममध्ये २४ तास अ‍ॅडमिट दाखवा, सुयांचं बिल त्यात घुसवा. आमच्या बिल्डिंगमध्ये दोघांनी केलंय.

ठाकुर्ली_स्लो
आणि पकडले गेले की मुलीच्या ऑफिसातही कळतं. असले सल्ले जाहीर धाग्यावर देऊ नका हो.

जुगाड_जंक्शन
सगळे करतात. मी फक्त बोललो.

टेबलाच्या_पलीकडे
टीपीएमध्ये, म्हणजे इन्शुरन्स कंपनीसाठी क्लेम तपासणाऱ्या संस्थेत, क्लेमच्या टेबलावर बावीस वर्षं काढली, मागच्या वर्षी सुटलो. म्हणून लिहितो.

वर्षाताई, सरकारी मान्यता आणि इन्शुरन्स यांची गल्लत होतेय. महाराष्ट्राचा अ‍ॅक्युपंक्चरचा कायदा २०१५ चा, त्याच्या आधी १९९६ मध्ये पश्चिम बंगालने केला होता. त्या कायद्यांनी ठरतं की सुया कोण टोचू शकतो, नोंदणी कुठे करायची. पैसे कोण देणार हे ठरतं पॉलिसीच्या कागदावर. तो करार आहे, कायदा नाही.

दुसरं. तुमचा क्लेम बहुधा अ‍ॅक्युपंक्चर आहे म्हणून नाकारला गेलाच नसेल. साध्या मेडिक्लेमला २४ तासांची अ‍ॅडमिशन लागते, नाहीतर मोतीबिंदूसारखी डे केअर प्रोसिजर. पाऊण तासाचं सिटिंग म्हणजे ओपीडी. हीच चौदा सिटिंग फिजिओथेरपीची असती तरी उत्तर तेच आलं असतं.

पुरचुंडीताई, आयुषमध्ये आयुर्वेद, योग-निसर्गोपचार, युनानी, सिद्ध, सोवा-रिग्पा आणि होमिओपॅथी. अ‍ॅक्युपंक्चर त्यात नाही. आणि आयुषचा क्लेमसुद्धा अ‍ॅडमिट झाल्यावरच, पिठाची पाळी लावून घरी गेलात तर नाही.

आता तुम्ही मला दोन गोष्टी सांगा. मेलमधलं कारण शब्दशः काय आहे? आणि ऑफिसच्या पॉलिसीत ओपीडीचा वेगळा फायदा आहे का? बऱ्याच ग्रुप पॉलिसींत असतो आणि लोक बघतच नाहीत.

दादरकर_७७
दादरला नक्की कुठे? नाव द्या ना. माझ्या टेनिस एल्बोला चालेल का?

इतिहासाचा_किडा
अवांतर: अ‍ॅक्युपंक्चर भारतात आपल्या सोलापूरच्या डॉ. द्वारकानाथ कोटणीसांनी आणलं. मुंबईतच शिकलेले! आणि आपल्याच मुंबईत त्याचा क्लेम मिळू नये?

शिवडीचा_फ्लेमिंगो
कोटणीस १९४२ मध्ये चीनमध्येच वारले, ते परत कसे आणतील? ते सर्जन होते, युद्धात ऑपरेशनं करत होते. अ‍ॅक्युपंक्चर आणलं १९५९ मध्ये डॉ. बी. के. बसूंनी. तेही १९३८ मध्ये चीनला गेलेल्या त्याच पाच भारतीय डॉक्टरांच्या पथकातले, म्हणून लोक घोळ करतात.

इतिहासाचा_किडा
मान्य. पण पथक तेच ना!

घाटकोपरची_घार
गादी बदला. कापसाची कडक गादी घ्या, स्प्रिंगची फेकून द्या. कंबरदुखी जाते.

वैतागलेली_वर्षा
मेल आत्ता पुन्हा उघडला. लिहिलंय, '२४ तासांहून कमी वास्तव्य, ओपीडी उपचार देय नाही.' हे आधी लिहिलं नाही कारण मला वाटलं ते कारण म्हणजे नुसती पळवाट. आणि हो, एचआरच्या पीडीएफमध्ये ओपीडी १०,००० असं लिहिलेलं दिसतंय, वर्षाला, पूर्ण कुटुंबाला मिळून. माझे ८,४०० त्यात बसतात की!!

टेबलाच्या_पलीकडे
बसतात, पण पुढे अजून एक पायरी आहे आणि तिथेच लोक आपटतात. ओपीडीच्या अटींत 'मेडिकल प्रॅक्टिशनर' हा शब्द असेल. त्याची ठरलेली व्याख्या अशी की वैद्यकीय परिषद, भारतीय वैद्यक परिषद किंवा होमिओपॅथी परिषद यांच्याकडे नोंदणी असलेला माणूस. अ‍ॅक्युपंक्चर परिषदेचं नाव त्या व्याख्येत नाही. म्हणजे नुसता अ‍ॅक्युपंक्चरिस्ट असेल तर तपासणारा पोरगा व्याख्या काढून दाखवणार. पण सुया टोचणारा मुळात एमबीबीएस, बीएएमएस किंवा बीएचएमएस असेल तर बाजू मांडता येते. तुमच्या पावतीवर नोंदणी क्रमांक आहे का?

एडिसनचे_आजोबा
हे अगदी तिकडच्यासारखंच. मेडिकेअरलाही अ‍ॅक्युपंक्चरिस्ट स्वतः थेट बिल लावू शकत नाही, डॉक्टरच्या देखरेखीखाली केलं की डॉक्टरमार्फत लागतं.

वैतागलेली_वर्षा
पावती म्हणजे बुकस्टॉलवर मिळतं त्या बिलबुकातलं गुलाबी पान. वर नुसतं 'अ‍ॅक्यु क्लिनिक', खाली 'सुया १४' आणि एक सही. सहीसुद्धा सुईसारखीच, एक रेघ. क्रमांक नाही. बोर्डावर 'डॉ.' लिहिलंय एवढं आठवतं.

टेबलाच्या_पलीकडे
मग तक्रार घेऊन विमा लोकपालाकडे जाऊ नका इतक्यात. सांताक्रूझला त्यांच्या ऑफिसात जाण्याआधी इन्शुरन्स कंपनीकडे लेखी तक्रार करून महिनाभर थांबावं लागतं, आणि गुलाबी पान घेऊन गेलात तर तिथेही हेच विचारतील. आधी क्लिनिकमध्ये जा. लेटरहेडवर प्रत्येक सिटिंगची तारीख, निदान, डिग्री, नोंदणी क्रमांक, शिक्का. ऑर्थोने चिठ्ठीवर सुयांचं लिहून दिलंय का?

वैतागलेली_वर्षा
तोंडी म्हणाले होते. उद्या त्यांच्याकडेही जाते मग.

पुरचुंडी
जाताय तर कटिबस्तीचंही विचारा.

शिवडीचा_फ्लेमिंगो
विज्ञानाचा प्रश्न सोडून सगळे शिक्क्याच्या मागे लागलेत, ही गंमत.

टेबलाच्या_पलीकडे
फ्लेमिंगो, क्लेमच्या टेबलावर विज्ञान कधी येत नाही. शिक्का येतो. पाठदुखी खरी आहे का हे मी बावीस वर्षांत कधी तपासलं नाही, तारीख तपासली.

वैतागलेली_वर्षा
अपडेट. सुयांचे डॉक्टर बीएचएमएस निघाले! नोंदणी क्रमांक आनंदाने दिला, म्हणाले इतक्या वर्षांत कुणी मागितलाच नव्हता. लेटरहेडवर चौदाही तारखा लिहून दिल्या. पण शिक्का त्यांच्या वसईच्या क्लिनिकमध्ये, तो आज संध्याकाळी मिळाला. ऑर्थोनेही कुरकुरत लिहून दिलं. आणि पोर्टलवर कळलं की मी आधी चुकीचं बटण दाबलं होतं. 'रिएम्बर्समेंट' म्हणजे हॉस्पिटलचं. ओपीडी वेगळं आहे, 'वेलनेस' नावाच्या खाली, योगाच्या फोटोच्या मागे. आता तिथून भरला.

ठाकुर्ली_स्लो
छान. झाला का पास?

वैतागलेली_वर्षा
दोन तासांत 'क्वेरी रेझ्ड' आलं. डिस्चार्ज कार्ड मागितलंय.

दादरकर_७७
नाव सांगताय ना? वसईचंही चालेल.

टेबलाच्या_पलीकडे
घाबरू नका. तो फॉर्म हॉस्पिटलच्या क्लेमवरून उचललेला असतो. एका कोऱ्या कागदावर लिहा, 'ओपीडी उपचार, डिस्चार्ज कार्ड लागू नाही', खाली तारीख आणि सही, आणि तो कागद स्कॅन करून डिस्चार्ज कार्डच्याच रकान्यात चढवा. रकाना रिकामा ठेवलात तर फाइल पुढे सरकणार नाही. सही जरा वाचता येईल अशी करा.