वक्ता मिळत नाही, यात दोष कोणाचा?

संयोजक: ‘आयोजकांना वक्ता फुकटच हवा असतो’ ही कालची पोस्ट वाचून डोकं फिरलं, म्हणून सविस्तर लिहितोय. आम्ही मानधन देतो, प्रवासखर्च देतो, विषयही वक्त्यावर सोडतो. तरी ‘आठवडाभरात कळवतो’ म्हणणारे महिनाभर फोन उचलत नाहीत. तोवर दुसऱ्याला विचारताही येत नाही, कारण पहिल्याने नकार दिलेला नसतो. गेल्या खेपेला पत्रिका छापून आल्यावर निरोप आला, ‘जमेलसं वाटत नाही.’ अहो, नाही म्हणायचं तर पहिल्याच दिवशी म्हणा ना!

व्याख्याती: तुम्ही देत असाल. मला येणाऱ्या बहुतेक फोनमध्ये तारीख असते, विषय असतो, ‘श्रोते दर्दी आहेत’ हेही असतं. पैशांबद्दल चकार शब्द नाही. तो विषय मीच काढायचा आणि वर पैशाला हपापलेली ठरायचं. तासाभराच्या भाषणामागे कित्येक संध्याकाळी जातात.

जुना कार्यकर्ता: टेड या छोट्या भाषणांच्या जगप्रसिद्ध उपक्रमाच्या मुख्य परिषदेतही मानधन नसतं. प्रवास आणि राहणं, बस.

व्याख्याती: टेडची भाषणं २००६पासून जगभर फुकट बघता येतात. तुम्ही साधं रेकॉर्डिंग तरी करता का? आणि तिथे १८ मिनिटांची मर्यादा असते. तुमच्याकडे स्वागत, प्रास्ताविक, परिचय, अध्यक्षांचं मनोगत आणि मग मी. बोलायला लागले की पुढ्यात चिठ्ठी, ‘आवरतं घ्या’.

श्रोता: अगदी! परिचय ऐकूनच निम्मे लोक उठतात.

सूत्रसंचालक: हौसेने लांबवतो का आम्ही? वक्तेच दोन पानं पाठवतात. एक पुरस्कार गाळला तर नंतर चारचौघांत सुनावतात.

व्याख्याती: मी चार ओळी पाठवते. त्या बाजूला ठेवून नेटवरचा जुना परिचय वाचला गेला, कधीच सोडलेल्या नोकरीसकट.

सूत्रसंचालक: तो मी नव्हतो. सगळ्यांना एका माळेत ओवू नका.

संयोजक: परिचय राहू द्या हो, मी नकाराबद्दल लिहिलंय! बरं, पहिल्याच फोनवर रक्कम सांगावी, एवढं मान्य. पण मग उत्तराला मुदत घाला. ती उलटली की मी दुसऱ्याला विचारणार, राग मानायचा नाही.

व्याख्याती: रक्कम आणि मुदत लेखी द्या, पाळते. माइक किती वाजता माझ्या हातात येणार, तेही त्याच पत्रात लिहा.

जुना कार्यकर्ता: ते लिहून देणं अवघड आहे. हॉलचं भाडं अध्यक्ष भरतात. त्यांना थांबवणार कोण?