मदत हवी आहे: हिवाळी चाकं चढवली, टायरचा पिवळा दिवा जात नाही (२०१६ कोरोला, मिनेसोटा)

गारठलेला_ठाणेकर

गाडी २०१६ची टोयोटा कोरोला, अमेरिकेतलंच मॉडेल. उन्हाळी टायर अलॉय रिमवर आहेत. हिवाळी टायर वेगळ्या स्टील रिमवर बसवून घेतले. आत हवेचा दाब कळवणारे नवे सेन्सर आहेत असं पावतीवर लिहिलंय. चाकं घरीच बदलली. आता गाडी सुरू केली की उद्गारचिन्हाचा पिवळा दिवा मिनिटभर लुकलुकतो आणि मग पेटलेलाच राहतो. गेजने चारही टायरमध्ये ३३ पीएसआय भरतात, दाराच्या स्टिकरप्रमाणेच. टायरच्या चित्राचं सेट बटण दोनदा दाबून धरलं, ३० मैल फिरवून आणली, फरक शून्य.

सेन्सर खराब निघाले का? की दर मोसमाला दुकानाच्या पायऱ्या झिजवायच्या? दिवा तसाच ठेवून हिवाळा काढला तर काय बिघडेल?

पाना_नंबर_सतरा

सेन्सर बहुतेक ठणठणीत आहेत. दिवा कसा पेटतो ते आधी बघा. सुरू करताच थेट पेटला आणि तसाच राहिला, तर कुठेतरी हवा कमी आहे. ६० ते ९० सेकंद लुकलुकून मग स्थिर झाला, तर हवेचा प्रश्नच नाही, यंत्रणेला सेन्सरचा आवाज ऐकू येत नाहीये. तुमची केस दुसरी.

प्रत्येक सेन्सरला जन्मापासून एक क्रमांक असतो आणि गाडीच्या कॉम्प्युटरात चार क्रमांकांची यादी. तुमचे हिवाळी सेन्सर इमानदारीत हवा कळवतायत, पण यादीत नाव नाही म्हणून गाडी दुर्लक्ष करते. जुने चार, ज्यांची ती वाट पाहते, ते गॅरेजच्या कोपऱ्यात झोपलेत.

आणि त्या सेट बटणाचा इथे काही उपयोग नाही. नव्याण्णव टक्के गोंधळ त्यानेच होतो. ते बटण फक्त ‘आत्ताची हवा ही योग्य हवा’ एवढं नोंदवतं, नवे क्रमांक शिकवत नाही. उलट टायर २७वर असताना कुणी ते दाबलं, तर गाडी २७लाच बरोबर समजून बसते आणि इशारा फार उशिरा देते.

ओबीडीवाले_काका

वर लिहिलंय ते बरोबर. आता करायचं काय ते सांगतो.

काही गाड्या दहा-वीस मिनिटं चालवल्या की नवे सेन्सर आपोआप शिकतात. जीएमच्या (जनरल मोटर्स) बऱ्याच गाड्यांत मेन्यूतून शिकवणी सुरू करून पुढच्या डाव्या चाकापासून क्रमाने चाकं दाखवत जायचं, प्रत्येक चाकाला हॉर्न वाजतो. या कोरोलाला यातलं काही चालत नाही. क्रमांक ओबीडी सॉकेटमधूनच, म्हणजे स्टिअरिंगखालच्या तपासणीच्या सॉकेटमधूनच, लिहावे लागतात. टायरसाठीचं हातातलं उपकरण मिळतं. त्यात दोन्ही कामं होणारं घ्या, सेन्सर जागा करणं आणि ओबीडीतून लिहिणं. नुसतं जागं करणारं स्वस्त यंत्र घेतलंत तर अर्ध्या वाटेत अडकाल.

उपकरणात गाडीचं मॉडेल आणि साल निवडा. टायरच्या कडेला, व्हॉल्व्हच्या (सेन्सर त्यालाच आतून जोडलेला असतो) अगदी जवळ धरून बटण दाबा. ते १२५ किलोहर्ट्झवर सेन्सरला हाक मारतं आणि सेन्सर ३१५ मेगाहर्ट्झवर क्रमांक, दाब, तापमान सांगतो. चारही वाचून झाले की इग्निशन चालू, इंजिन बंद, ओबीडीत जोडा, चारही क्रमांक एकदम लिहा. एकेक करून चालत नाही, पूर्ण यादी बदलते. इग्निशन बंद करून पुन्हा चालू करा आणि थोडी चालवून आणा. मग थंड टायरमध्ये स्टिकरप्रमाणे हवा भरून सेट बटण धरा, दिवा हळूहळू तीनदा लुकलुकेपर्यंत.

क्रमांक वाचलाच जात नसेल तर फ्रिक्वेन्सी तपासा. दुकानाने चुकून ४३३ मेगाहर्ट्झचे सेन्सर घातले असतील तर काहीही करा, ही गाडी ते ऐकणार नाही. चारही क्रमांक कागदावर उतरवून ग्लोव्ह बॉक्समध्ये ठेवा.

मिशिगनचा_मावळा

काकांचा मार्ग चोख, पण एप्रिलमध्ये उन्हाळी चाकं चढवलीत की तेच पुन्हा. गाडीत दुसरा संच निवडायची सोय नसेल तर क्लोन करा. प्रोग्रॅम होणारे सेन्सर घेऊन त्यांत उन्हाळी सेन्सरचेच चार क्रमांक लिहायचे. गाडीला चाकं बदलल्याचा पत्ताही लागत नाही.

यात दोन खोचा आहेत. एक, उन्हाळी चाकं हिवाळी चाकांपाशी असताना किंवा डिकीतून नेताना सेन्सर वाचू नका, एकाच क्रमांकाचे दोघं बोलले की गोंधळ. दोन, तुमचे मूळ सेन्सर २०१६चे असतील तर बॅटरी संपत आली आहे. आयुष्य साधारण पाच ते दहा वर्षं, आणि बॅटरी आत राळेत ओतलेली, बदलता येत नाही. सेन्सर मेला तरी क्रमांक गाडीच्या यादीत असतो, ओबीडीतून वाचून घ्या. पुढे उन्हाळी सेन्सर नवे घालाल तेव्हा त्यांनाही तेच क्रमांक द्या.

गारठलेला_ठाणेकर

क्लोनच करावं म्हणतो. पण त्यासाठी टायर पुन्हा रिमवरून काढावे लागतील का?

मिशिगनचा_मावळा

पावतीवर सेन्सरचा प्रकार बघा. प्रोग्रॅम होणारे असतील तर बहुतेक कंपन्यांचे टायरच्या बाहेरूनच, बिनतारी लिहिता येतात. फक्त बाकीची तीन चाकं लांब ठेवा, नाहीतर यंत्र भलत्याच सेन्सरला पकडतं. टोयोटाच्या मूळ प्रकारचे, कायम क्रमांकाचे असतील तर क्लोन विसरा आणि ओबीडीने लिहा. टायर काढायचेच झाले, तर यंत्रावरच्या माणसाला टायरची कड व्हॉल्व्हच्या समोरच्या बाजूने दाबायला सांगा. व्हॉल्व्हपाशी दाबली की सेन्सरचा चुरा.

उणे_वीसचा_गडी

दिवा विझल्यावर पुन्हा पेटला तर घाबरू नका, आधी थर्मामीटर बघा. दर १० अंश फॅरनहाइटला साधारण १ पीएसआय उतरतो. ६५ अंशांच्या ऊबदार गॅरेजात ३३ भरलेत, तर बाहेर शून्य फॅरनहाइटला गेज २७ दाखवेल आणि उणे वीसला २५च्या जरा वर. इशाऱ्याची रेघ स्टिकरच्या २५ टक्के खाली, म्हणजे जवळपास तिथेच. मुंबई-पुण्यात पंपावर भरलेली हवा महिनाभर चालते, ती सवय इथे सोडा. गाडी रात्रभर बाहेर ठेवून सकाळी, न चालवता मोजा आणि तेव्हा स्टिकरचा आकडा भरा. गॅरेजातच भरायची असेल तर आतल्या-बाहेरच्या तापमानातल्या दर १० अंशांमागे १ पीएसआय जास्त.

मिठाचा_बळी

व्हॉल्व्हबद्दल कुणी बोललं नाही. ॲल्युमिनियमचा व्हॉल्व्ह असेल तर पितळी कोअर (आतली हवा अडवणारी बारीक झडप) घालू नका, निकेलचा मुलामा असलेलाच हवा. रस्त्यावरचं मीठ, पाणी आणि दोन वेगळे धातू एकत्र आले की दोन हिवाळ्यांत व्हॉल्व्हच्या नटाच्या बुडाशी पांढरी भुकटी साचते, कोअर जाम होतो, आणि जोर लावलात तर देठ बोटात तुटून येतो आणि टायर खाली बसतो. टोप्याही प्लॅस्टिकच्याच. टायर निघेल तेव्हा रबर, नट, कोअर आणि टोपीचा छोटा संच बदलून घ्या, सेन्सर तोच चालतो. पंक्चरचा फेस शक्यतो टाळा, सेन्सरचं दाब मोजायचं भोक बुजतं.

पाना_नंबर_सतरा

तिसरा प्रश्न राहिलाच. दिवा पेटलेला ठेवून गाडी चालते, पण मग खिळा घुसला तर गाडी सांगणार नाही, दर आठवड्याला गेज लावणं तुमच्या माथी. स्वतःच्या गाडीवर बिनसेन्सरची चाकं चढवायला मालकाला संघीय कायद्याची आडकाठी नाही. दुकानाला मात्र चालू असलेली यंत्रणा बंद पाडायची मनाई आहे, म्हणून ते सेन्सरशिवाय चाकं बसवायला नकार देतात. तो आडमुठेपणा नव्हे. जुने सेन्सर पीव्हीसी पाइपात घालून, त्यात हवा भरून डिकीत ठेवायची युक्ती इथे कुणीतरी सुचवेलच. ती दिव्याला फसवते, पंक्चरला नाही.

सेन्सरपेक्षा महत्त्वाचं: चाकांना नट कुठले लावलेत? टोयोटाच्या अलॉयचे मूळ नट लांब नळीचे आणि सपाट वॉशरचे असतात. स्टील रिमची बैठक शंकूची. नळीच्या टोकाचा उतार तिथे टेकतो, तो स्टेपनीच्या वेळेपुरता. अख्ख्या हिवाळ्यासाठी १२ मिमी, दीड मिमी आट्याचे, ६० अंश शंकूचे नट घ्या, टॉर्क पान्याने (ठरलेल्या जोराने आवळणारा पाना) ७६ फूट-पाउंड, आणि ५० मैलांनी पुन्हा तपासा.

गारठलेला_ठाणेकर

वॉशरवालेच लावलेत. आत्ता खाली जाऊन बघतो, नवे नट येईपर्यंत गाडी उभी.