मदत हवी आहे : सफरचंदाची सीए (नियंत्रित हवेची) खोली संत्र्याला चालेल का?

राम राम मंडळी. मी वरुडकडचा संत्रावाला. हिमाचलात सफरचंद सीए स्टोअरमध्ये सहा-आठ महिने टिकतं, मग आपलं आंबिया बहाराचं संत्रं का नाही, असं आमच्या गटातल्या पोरांचं म्हणणं.

तिकडचं गणित मला समजलं ते असं : खोली हवाबंद, तापमान शून्य-एक अंश, आत नायट्रोजन भरून हवेतला २१ टक्के ऑक्सिजन २-३ टक्क्यांवर आणायचा. फळाचा श्वास मंदावतो, इथिलिन (फळ पिकवणारा वायू) कमी होतं, कडकपणा टिकतो. ऑक्सिजन फारच उतरला तर मात्र फळाला दारूसारखा वास येतो.

पण सफरचंद तोडल्यावर पिकतं, संत्रं नाही. शिवाय संत्र्याला एवढी थंडी सोसत नाही, सालीवर डाग पडतात. मग ऑक्सिजन कमी करून खरंच काही हाती लागतं, की ६-७ अंशांचं साधं कोल्ड स्टोरेज, ९० टक्क्यांवर ओलावा अन् वॅक्सिंग (सालीवर मेणाचा थर) पुरे? कोणी केलं असेल तर ऑक्सिजन किती ठेवला, चव बदलली का, सांगा. गट कर्ज काढायच्या बेतात आहे, अन् मशिनवाला तर कोणत्याही फळाला हो म्हणतो! लाइट गेल्यावर खोली कशी सांभाळता, तेही लिहा.